डोंगरातलं पाणी बाधू नये म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येऊ लागतात. कुणाला फिल्टर घ्यायचा असतो, कुणाच्या आईला मुलाची काळजी असते, कुणी गडावरूनच टाक्याचा फोटो पाठवून विचारतं, "हे प्यायलं तर चालेल का?" गेली कितीतरी वर्षं मी कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन सह्याद्रीत हिंडतो आहे. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहितो. ती मुख्यतः आपल्या गडकिल्ल्यांसाठी आणि घाटवाटांसाठी आहेत. हिमालयात काही वेगळं करावं लागत असेल तर तेही त्या-त्या ठिकाणी सांगेन.

ओढ्याचं पाणी काचेसारखं नितळ आहे. मग गाळायचं कशाला?

कारण डोळ्यांना गाळ दिसतो, जंतू दिसत नाहीत. जिआर्डिया नावाच्या परजीवीच्या दहाच पुटी, म्हणजे कवचात बंद असलेले जंतू, पोटात गेल्या तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि दहा पुटींनी पाण्याचा रंग काही बदलत नाही.

एका जूनमध्ये आम्ही नऊ जण एका पठाराखालच्या ओढ्यावर थांबलो होतो. पाणी इतकं गार आणि स्वच्छ, की तळातला खडा न् खडा दिसत होता. सगळे ओंजळीने प्यायलो, बाटल्या भरल्या आणि पुढे निघालो. वर पठारावर गुरं होती, वाडी होती आणि आमच्यासारखेच शनिवार-रविवारी तंबू ठोकणारे लोकही होते. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. उन्हाळाभर उतारावर साचलेलं सगळं त्याच पावसाने ओढ्यात आणलं असणार, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. महिन्याभराने दोघांना कावीळ झाली. एकाच्या घरी मधल्या काळात लग्न झालं होतं, त्यामुळे घरच्यांनी सगळा दोष लग्नातल्या जेवणाला दिला. डॉक्टरांनी मात्र शांतपणे विचारलं, "तीन-चार आठवड्यांपूर्वी कुठे बाहेरचं पाणी प्यायला होता का?" तेव्हापासून मी न गाळलेलं पाणी स्वतः पीत नाही आणि बरोबरच्या कुणाला पिऊ देत नाही.

गावातले लोक हेच पाणी रोज पितात. त्यांना काही होत नाही, मग आपल्यालाच का?

त्यांना काही होत नाही हे खरं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी पाड्यांवरच्या आरोग्य केंद्रात एक सकाळ बसून बघा. जुलाबाने सुकलेली लहान पोरं तिथे दिसतील.

पण या प्रश्नात थोडं तथ्यही आहे. कावीळ देणारा हिपॅटायटिस ए गावात बहुतेकांना लहानपणी होऊन जातो. मुलांमध्ये तो बऱ्याचदा लक्षातही येत नाही, आणि मग जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. शहरात आरओचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलाला हे संरक्षण मिळालेलं नसतं. तोच विषाणू विसाव्या-पंचविसाव्या वर्षी गाठतो तेव्हा महिना-दोन महिने अंथरुणावर घालवतो. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड या दोन्हींवर लस मिळते. नेहमी डोंगरात जाणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे गावकऱ्यांना पाणवठ्यांची जाण असते. कुठला झरा मार्चपर्यंत चांगला राहतो, कुठल्या टाक्यात गुरं उतरतात, कुठलं पाणी फक्त भांडी घासायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पायथ्याच्या गावात आधी एखाद्या मामांना किंवा मावशींना विचारून घ्या. नकाशात ही माहिती मिळत नाही.

पाण्यात नेमकं असतं तरी काय?

तीन प्रकारचे जंतू असतात. त्यांच्या आकारातला फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

सगळ्यांत मोठे एकपेशीय परजीवी. आमांश देणारा अमीबा, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे त्यातले. पाण्यात ते कडक कवचाच्या पुटीच्या रूपात असतात. जिआर्डियाची पुटी ८ ते १२ मायक्रॉनची, क्रिप्टोची ४ ते ६. त्यांच्याहून लहान जिवाणू. टायफॉइड, कॉलरा, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर ही सगळी मंडळी यात येतात, आणि बहुतेकांचा आकार ०.२ ते ५ मायक्रॉनच्या दरम्यान असतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियां-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा यांच्यातलाच. आणि सगळ्यांत लहान विषाणू. कावीळ देणारे हिपॅटायटिस ए आणि ई ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतात. नोरो आणि रोटा हेही याच गटातले.

ट्रेकचे छोटे फिल्टर काम कसं करतात?

आत शेवयांच्या जुडीसारख्या बारीक पोकळ नळ्या असतात. त्या मधोमध वळवून एका टोकाला पक्क्या चिकटवलेल्या असतात. प्रत्येक नळीच्या भिंतीला ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात. पाणी बाहेरून भिंतीतून आत झिरपतं आणि नळीच्या पोकळीतून तोंडाकडे येतं. जंतू भिंतीबाहेरच अडकतात. डायलिसिसच्या यंत्रातही याच धाटणीच्या नळ्या असतात.

सॉयरचा दाबायचा फिल्टर आणि कॅटाडिनचा बीफ्री ०.१ मायक्रॉनचे आहेत, लाइफस्ट्रॉची साधी नळी ०.२ मायक्रॉनची. घेताना आकड्यापुढे 'ॲब्सोल्यूट' लिहिलंय का ते बघा. म्हणजे त्या मापाहून मोठं छिद्र एकही नाही. नुसतं 'नॉमिनल' लिहिलं असेल तर तो आकडा सरासरीचा, आणि सरासरीतून पुट्या निसटतात.

सक्रिय कोळशाचा भाग जोडलेला असेल तर वास आणि चव सुधारते. जंतूंसाठी त्याच्यावर विसंबू नका.

पाकिटावर ९९.९९९९ टक्के लिहिलंय. म्हणजे सगळं गेलं ना?

नाही. या एकाच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, असं म्हटलं तरी चालेल.

तो आकडा जिवाणूंचा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८७ मध्ये मापदंड ठरवले. पाणी शुद्ध करणाऱ्या उपकरणाने दहा लाख जिवाणूंतला फार तर एक सोडावा, दहा हजार विषाणूंतला एक आणि हजार पुटींतली एक. हे तिन्ही साधणारं उपकरण तेवढं 'प्युरिफायर'. आपल्या हातातल्या साध्या फिल्टरची छिद्रं ०.१ मायक्रॉनची आणि कावीळीचा विषाणू त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मासे धरायच्या जाळीतून मोहरी निसटावी तसा तो निसटतो.

मग परदेशातले ट्रेकर नुसत्या फिल्टरवर महिनेच्या महिने कसे चालतात? तिथल्या रानात माणसांची वर्दळ फार कमी असते, आणि माणसाला बाधणारे हे विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून येतात. आपल्या डोंगरांवर पठारावर वाडी असते, गडावर देऊळ असतं, जत्रा भरते आणि शनिवारी रात्री शेकडो लोक मुक्कामाला असतात. तिकडचे व्हिडिओ बघून घेतलेला फिल्टर इथे अर्धंच काम करतो.

उरलेलं अर्धं काम क्लोरीन करतं. फिल्टरमधून सुटणारे विषाणू क्लोरीनने मरतात. क्लोरीनला दाद न देणारं क्रिप्टो फिल्टरमध्ये अडकतं. म्हणून आधी गाळा, मग क्लोरीन टाका. उलट क्रम लावलात तर पाण्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

क्लोरीन किती टाकायचं आणि किती वेळ थांबायचं?

गावात आशाताई पावसाळ्यात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, वाटतात. शहरात मेडिकलमध्ये गोळ्या मिळतात. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते वाचावंच लागतं, कारण एक लिटरची, पाच लिटरची आणि वीस लिटरची गोळी दिसायला फारशी वेगळी नसते. वीस लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकून तोंड भाजल्यासारखं झालेली मुलं मी पाहिली आहेत. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बाटलीसाठी वापरायची नाही.

थांबायचं किमान अर्धा तास. पाणी फार थंड असेल तर तासभर. वेळ झाल्यावर बाटली नाकाशी धरा. क्लोरीनचा हलका वास यायला हवा. येत नसेल तर सगळं क्लोरीन घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडलं. पुन्हा तेवढीच मात्रा टाका आणि पुन्हा थांबा.

दोन बारीक गोष्टी लोकांकडून राहून जातात. पहिली, झाकणाचे आटे. गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करा, बाटली उलटी धरा आणि औषधाचं पाणी आट्यांतून ओघळू द्या. तिथे कच्चं पाणी राहिलं तर तुमचे ओठ नेमके तिथेच लागतात. दुसरी, लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं. अर्धा तास झाल्यावर लिंबू पिळलंत तर क्लोरीनची चव जाईल आणि सरबतही होईल. आधी पिळलंत तर जंतू जिवंत राहतील. सरबताच्या पावडरीचंही तेच.

आयोडीनच्या गोळ्या आता फारशा दिसत नाहीत. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या घेऊ नयेत.

उकळलं तर हे सगळं टळतं का?

हो. उकळणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. परजीवी, जिवाणू, विषाणू सगळे मरतात. पाण्याला खळखळून उकळी फुटू द्या आणि एक मिनिट तशीच राहू द्या. उंचीवर पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर ते ९४-९५ अंशांनाच उकळतं. तरी काळजी नको, जंतू त्याच्या बरेच आधी मरतात. हिमालयात २००० मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं उकळा.

अडचण इंधनाची. वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला साधारण दहा ग्रॅम गॅस जातो. गडावर वारा नसतो असं कधी होतं? चुलीसाठी झाडं तोडणं तर दूरच, वाळकी फांदीही काही ठिकाणी उचलू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी संध्याकाळच्या चहाबरोबर आणि जेवणाबरोबर पाणी उकळून घेतो. दिवसाचं चालताना गाळून आणि क्लोरीन टाकून. उकळलेलं पाणी सकाळी कच्चं पाणी भरलेल्या बाटलीत ओतू नका. तिला आधी उकळत्या पाण्याने खंगाळून घ्या.

पंचा किंवा जुनी साडी चारपदरी करून गाळलं तर?

या प्रश्नाला हसून उडवू नये. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळून बघितलं. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. साडीने गाळून पिणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला होता. कॉलऱ्याचा जिवाणू स्वतः कापडातून सहज जातो, पण पाण्यात तो बऱ्याचदा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यांना चिकटून असतो, आणि ते किडे साडीत अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

नारू या जंताचंही तसंच. त्याची अळी सायक्लॉप्स नावाच्या पाणकिड्याच्या पोटात असते आणि पायऱ्यांच्या विहिरीतून माणसात येते. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर नारूचे व्रण मी पाहिले आहेत. पाणी गाळून पिणं आणि पायविहिरी बंद करणं यावर जोर दिला गेला आणि नारू हटला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पण म्हणून नुसत्या पंचावर ट्रेकला जाऊ नका. टायफॉइडचा जिवाणू मोकळा पोहत असेल तर कापड त्याला थांबवणार नाही. पंचाचं खरं काम फिल्टरच्या आधीचं, पालापाचोळा आणि माती अडवण्याचं. बाटलीच्या तोंडावर पंचा बांधून टाक्याचं पाणी भरा आणि तो उन्हात धरून बघा. वळवळणारे पांढरे ठिपके दिसले की पुढच्या वेळी तुम्ही पंचा विसरणार नाही.

तुरटी, तांब्याचा तांब्या, तुळस?

तुरटी मोलाची आहे, पण ती माती खाली बसवते. पाण्यात तुरटी फिरवली की कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाशी जातात. निवळीच्या बिया उगाळून घालायची जुनी पद्धतही त्याच कामाची. त्यांच्याबरोबर काही जंतूही खाली बसतात, सगळे नाही. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या आणि मग फिल्टर करा.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जिवाणू मरतात, हे खरं. त्यासाठी आठ-दहा तासांहून जास्त वेळ लागतो. पुटी आणि विषाणूंसाठी त्याचा भरवसा धरू नका. तुळस आणि मिठाने पाणी निर्जंतुक होत नाही.

ऊन मात्र काम करतं. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली तर जंतू मरतात. आभाळ आलं असेल तर दोन दिवस लागतात. चालत्या ट्रेकला हे जमत नाही. एकाच जागी दोन-तीन दिवसांचा मुक्काम असेल आणि दुसरं काहीच हाताशी नसेल, तर करून बघण्यासारखं आहे.

यूव्ही (अतिनील किरणांचा) पेन घ्यावा का?

निवळ पाण्यात तो तिन्ही प्रकारचे जंतू दीड मिनिटात निकामी करतो. गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत आणि बॅटरी संपली की हातात नुसती काडी उरते. फिल्टरनंतर वापरणार असाल तर चांगला. एकटा नको.

गडावर कुठल्या टाक्यातलं पाणी घ्यावं?

आपल्या पूर्वजांनी कातळात खोदलेली टाकी बघितली की जीव हरखतो. शिवनेरीवरची गंगा-जमुना, सिंहगडावरचं देवटाकं, नाणेघाटातली टाकी, ही सगळी पाण्याची जाण असलेल्या माणसांची कामं आहेत. आत खांब ठेवून खोदलेल्या खांबटाक्यांत पाणी अंधारात राहतं. त्यामुळे ते गार राहतं, कमी आटतं आणि शेवाळही कमी धरतं. निवडीला वाव असेल तर मी खांबटाकं निवडतो.

बाकी नजर अशी लावायची : टाक्याला बांध किंवा उंच काठ आहे का, की वरच्या उताराचं पाणी सरळ आत येतं? माकडांचा आणि गुरांचा वावर आहे का? पाण्यावर खरकटं, बिस्किटांचे कागद, साबणाचा तवंग आहे का? ज्या टाक्याशी लोक हातपाय धुताना दिसतात ते सोडून द्या. राजगडाच्या पद्मावती तलावासारख्या मोठ्या उघड्या पाण्यात सगळा गड उतरत असतो, ते प्यायला घेण्यापेक्षा जवळच्या टाक्यांची चौकशी करावी. झरा असेल तर कातळातून जिथे पाझरतो तिथेच बाटली लावा, खालच्या डबक्यात नको.

हे सगळं पाहून निवडलेलं पाणीही गाळायचं आणि क्लोरीन टाकूनच प्यायचं. चांगल्या निवडीने फिल्टरवरचा भार कमी होतो, एवढंच.

टाक्यात हिरवा थर आहे. गाळून चालेल?

दगडाला धरलेलं साधं शेवाळ असेल तर घाबरायचं कारण नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत आटलेल्या टाक्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा-निळसर तवंग दिसला, काठी फिरवल्यावर रंगासारखाच पसरला आणि कुजका वास आला, तर त्या पाण्याला हात लावू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाची विषं उकळून जात नाहीत. उलट पेशी फुटून ती पाण्यात जास्त मिसळतात. आपले नेहमीचे फिल्टरही ती अडवत नाहीत. शेतातली औषधं आणि कारखान्याचं पाणी यांनाही हेच लागू. असल्या पाण्याला एकच उपाय, दुसरं पाणी शोधणं.

पावसाळ्यात कोकणातल्या वाटांवर काही वेगळी काळजी?

हो, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा त्याचा जिवाणू पाण्यात येतो आणि सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात तो माणसं आजारी पाडतो. तो ओल्या जखमेतून, कापल्या-खरचटलेल्या कातडीतून आणि डोळ्यांतूनही शिरतो. त्यामुळे पाणी कितीही शुद्ध करून प्यायलात तरी भाताच्या खाचरातून उघड्या जखमेने चालणं धोक्याचं. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा.

फिल्टरवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. लेप्टोस्पायरा स्क्रूसारखा पिळलेला आणि ०.१ मायक्रॉन इतका बारीक असतो. ०.२ मायक्रॉनच्या छिद्रातून तो वळवळत पार होतो. क्लोरीनने आणि उकळल्याने मरतो. कोकणात नुसत्या फिल्टरवर थांबू नका, असं मी एवढ्या आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

लाल गढूळ पाण्याने फिल्टर पाच मिनिटांत चोंदला. आता?

गढूळ पाणी आधी भांड्यात तासभर बसू द्या, तुरटी असेल तर फिरवा, पंचाने गाळा, मग फिल्टरला लावा. चोंदलेल्या फिल्टरमधून उलट दिशेने स्वच्छ पाणी जोराने सोडा. काहींबरोबर त्यासाठी मोठी सिरिंज येते. काही फिल्टर नुसते पाण्यात जोरात हलवून मोकळे होतात. आपला कुठल्या प्रकारचा आहे ते घरीच करून बघा, टाक्याकाठी अंधारात नव्हे.

दाब वाढवून पिळू नका. फिल्टरला लावलेली पाण्याची पिशवी फुटते, आणि कच्चं पाणी आट्यावरून ओघळून स्वच्छ बाटलीत शिरतं. कच्च्या पाण्याने भरलेली पिशवी आणि प्यायची बाटली यांवर वेगवेगळ्या रंगाचा चिकटपट्टीचा तुकडा लावा. रात्री दमलेल्या हातांना तेवढी खूण पुरते.

हिमालयात फिल्टर गोठला तर?

तो टाकून द्यावा लागतो. नळ्यांत राहिलेलं पाणी गोठून फुगतं, भिंतींना तडे जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी पूर्वीपेक्षाही भराभर येतं, तेव्हा माणसाला उलट आनंद होतो. केदारकंठ्यासारख्या हिवाळी ट्रेकला रात्री फिल्टर घट्ट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवायचा. दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात.

शंका आली तर एक तपासणी करता येते. फिल्टर ओला करून स्वच्छ बाजूने फुंका. शाबूत ओल्या छिद्रांतून तोंडाच्या फुंकरीने हवा जात नाही. पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे सुटले, तर तो फिल्टर गेला. दगडावर जोरात आपटलेल्या फिल्टरचीही अशीच परीक्षा घ्या.

तीस-चाळीस जणांच्या ग्रुपला एवढं पाणी कसं पुरवायचं?

एकेकाच्या बाटलीने नाही. वीस लिटरच्या घडीच्या कॅनमध्ये पंचाने गाळून पाणी भरा, उंच फांदीला किंवा खांबाला टांगून गुरुत्वाकर्षणावर चालणारा फिल्टर लावा आणि खालच्या कॅनमध्ये वीस लिटरची क्लोरीनची गोळी टाका. हे काम मुक्कामाला पोचल्या-पोचल्या, चहाच्या आधी सुरू करावं. उन्हाळ्यात चालणाऱ्याला दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागतं, म्हणजे चाळीस जणांचा आकडा तुम्हीच मांडा. एका माणसावर नुसती पाण्याची जबाबदारी सोपवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका.

आणि पाण्यापासून किमान साठ मीटर, म्हणजे ऐंशी-नव्वद पावलं दूर, उताराच्या बाजूला शौचाची जागा ठरवा. खड्डा खणून बुजवा, हात साबणाने धुवा. भांडी टाक्याच्या काठावर घासू नका, पाणी बाजूला नेऊन घासा. तुमच्यानंतर येणाऱ्याच्या बाटलीत तुमचंच पाणी जाणार आहे.

परतल्यावर पोट बिघडलं. पाण्यामुळेच असेल का?

दिवस मोजा. कॉलरा काही तासांत ते पाच दिवसांत गाठतो. जिआर्डियाला एक ते तीन आठवडे लागतात. टायफॉइडलाही एक ते तीन आठवडे, क्वचित जास्त. हिपॅटायटिस ए सरासरी चार आठवड्यांनी दिसतो, ई दोन ते दहा आठवड्यांनी. म्हणून ट्रेकनंतर दोन-अडीच महिन्यांत ताप, पिवळी लघवी, फेसकट दुर्गंधी जुलाब असं काही झालं, तर डॉक्टरांना "मी अमुक दिवशी अमुक गडावर टाक्याचं पाणी प्यायलो होतो" हे आपण होऊन सांगा. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो. घरी गरोदर बहीण-वहिनी असेल तर जास्तच जपा.

डोंगरातच जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनीचं पाकीट शुद्ध पाण्यात कालवून घोट-घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. लघवी कमी झाली, माणूस गुंगीत गेला, रक्त पडलं किंवा ताप चढला, तर ट्रेक तिथेच थांबवून त्याला खाली उतरवा.

तुम्ही स्वतः काय बरोबर नेता?

पंचा, ०.१ मायक्रॉनचा दाबायचा फिल्टर, एक लिटरच्या क्लोरीनच्या वीस गोळ्या, तुरटीचा लिंबाएवढा खडा आणि जलसंजीवनीची चार पाकिटं. सगळं मिळून अर्ध्या किलोच्याही आत. विषाणूही अडवणाऱ्या दाबून गाळायच्या बाटल्या मिळतात, त्या चांगल्या आहेत. पण महाग आणि जड असल्याने मी घेतलेल्या नाहीत.

घरी आल्यावर फिल्टर कसा ठेवायचा?

उलट दिशेने स्वच्छ पाणी सोडून धुवा. कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितलं असेल त्या प्रमाणात क्लोरीनचं पाणी त्यातून जाऊ द्या, जोरात झटका आणि सावलीत उघडाच आठवडाभर वाळू द्या. ओलाच डब्यात बंद केला तर आत बुरशी धरते. पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री त्यातून नळाचं दोन लिटर पाणी गाळून बघा. धार पूर्वीसारखी आहे का, वास येतोय का, फुंकर मारल्यावर हवा जाते का, हे सगळं स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली दहा मिनिटांत कळतं.